विकाससंस्थेत तंत्रज्ञानाचे काम करायचे असेल, तर आधी भागीदारी समजून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील पदवीधर मुले-मुली आंतरराष्ट्रीय विकाससंस्थांतील नोकरीविषयी विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांची समजूत अशी असते की तंत्रज्ञानाची संस्था म्हणजे तिथे प्रोग्रामिंग येणाऱ्यालाच जागा. मी अशाच एका संस्थेत भागीदारीचे, म्हणजे सरकारी यंत्रणा आणि स्थानिक संस्था यांच्याबरोबर मिळून करायचे काम पाहते. ॲप तयार करणारी माणसे थोडी लागतात आणि ती बहुधा बंगळुरू-पुण्यात असतात. आपल्या जिल्ह्यात गरज असते ती ते ॲप आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा बचत गटातील महिला यांच्या रोजच्या कामात बसवून देणाऱ्यांची.

अशा संस्था गावोगावी स्वतःचे कर्मचारी सहसा नेमत नाहीत. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २००६ साली सुरू झालेला आणि २००८ साली स्वतंत्र संस्था झालेला ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम याचे चांगले उदाहरण आहे. शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेल्या छोट्या चित्रफिती गटांत दाखवण्याची ही पद्धत सरकारी यंत्रणा आणि स्थानिक संस्था यांच्या माणसांना प्रशिक्षण देऊनच पसरली. म्हणजे ज्यांच्या बळावर काम चालते, त्यांचा पगार, रजा आणि बदली दुसऱ्याच्या हाती असते. या क्षेत्रातील बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे, आणि मुलाखतीत हे ओळखणारा उमेदवार मला नेहमीच उजवा वाटतो.

आपल्याच भागातले एक काम नवख्यांनी अवश्य अभ्यासावे. गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारांवर केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाबरोबर बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत मोठी चाचणी केली. आशा आणि परिचारिका घरी जाऊन रक्तदाब मोजत, लक्षणे मोबाइलमध्ये नोंदवत आणि ॲपने धोका दाखवला की बाईला रुग्णालयात पाठवत. भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक येथील चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा एकंदर परिणामांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. मात्र ज्या स्त्रियांच्या आठ किंवा अधिक भेटी झाल्या होत्या, त्यांच्यात मृतजन्म कमी आढळले. एवढ्यावरून भेटींमुळेच फरक पडला असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरीही भेटीसाठी वेळ कोणाकडे आहे, हा प्रश्न कोणत्याही ॲपच्या आधी विचारला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गावांत हे प्रत्यक्ष दिसते. रेंज नसते, म्हणून आशाताई आधी कन्नड छापील नोंदवहीत लिहिते, बोलणे सारे मराठीत होते, आणि मग रेंज असलेल्या ठिकाणी येऊन तीच माहिती मोबाइलवर पुन्हा भरते. एका कामाची ही दोनदा लिखापढी तिला कोणत्याही मानधनाशिवाय करावी लागत असेल, तर करार कितीही सुंदर असला तरी काही महिन्यांत नोंदी विरळ होतात. म्हणून भागीदाराशी बोलताना मी पहिल्याच बैठकीत विचारते की यातली कोणती नोंदवही बंद करता येईल. त्याचे उत्तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या पातळीवर मिळाले नाही, तर जिल्ह्यापर्यंत पाठपुरावा करणे हेच आमचे काम ठरते. कार्यालयात शुद्ध कन्नडमध्ये अर्ज लिहिता येणे आणि गावात मराठीत समजावता येणे, या दोन्ही गोष्टी ज्याला जमतात त्याला सीमाभागात फार मोठी किंमत आहे. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, त्यांनी कन्नड लिहायला शिकण्यात कमीपणा मानू नये.

पैशाचे नियमही शिकून घ्यावेत. परकीय देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण बंदी आली; प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मोठी संस्था नोंदणीकृत लहान संस्थेला निधी देत असे आणि तिथल्या मुलांना गावाजवळ नोकरी मिळे. तो मार्ग बंद झाल्याने आपल्याकडच्या लहान संस्थांचे फार नुकसान झाले आहे. त्यामुळे नेमणूकपत्र हातात येताच आपली नियोक्ता संस्था नेमकी कोणती, पगार कोणत्या निधीतून येणार आणि तो निधी कधी संपणार, हे लेखी विचारून घ्यावे. असे विचारणे उद्धटपणाचे नाही.

गावातील माहिती गोळा करताना २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लक्षात ठेवावा. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय त्यात दिलेला आहे, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही. संमतीपत्रकाचा मराठी मसुदा तपासण्याचे काम नवख्याने आपणहून मागून घ्यावे. त्यातून संस्थेला काय हवे आहे आणि गावाला काय विचारले जाते आहे, हे दोन्ही एकदम कळते.