पाणी ओतलं, अंडी राहिली: डासांच्या बंदोबस्तात होणाऱ्या चुका

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास सहसा गटारात वाढत नाही. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं आणि ते बहुतेक वेळा आपणच त्याला पुरवतो. घरातला सगळा खटाटोप मात्र उडणाऱ्या डासामागे चालतो: कॉइल, मशीन, रॅकेट. रॅकेटच्या तडतड आवाजानं समाधान मिळतं, पण तोवर त्याची पुढची पिढी पिंपात पोहत असते.

पिंप रिकामं केलं, घासलं नाही

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या बाजूला चिकटवते. एक मिलिमीटरपेक्षाही लहान काळे ठिपके असतात ते. मळ समजून कुणी तिकडे बघत नाही. पाणी ओतून दिलं तरी ती जागची हलत नाहीत. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पिंप पुन्हा भरून पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात. ‘परवाच तर पाणी बदललं, मग अळ्या आल्या कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर पिंपाच्या भिंतीवर असतं.

म्हणून आठवड्यातला एक वार कोरडा दिवस म्हणून ठरवून टाका. पाणी काढा, काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं आतली बाजू तळापासून काठापर्यंत घासा, पाण्याची रेषा उमटलेली असते तिथे जास्त जोर लावा, धुवा, पुसून कोरडं करा आणि मगच भरा. उबदार हवेत अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पंधरवड्यानं एकदा घासणाऱ्याच्या घरातून मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते.

अळ्यांचं पाणी मोरीत ओतू नका, पुढे कुठे साचलं तर त्या तिथे वाढतील. कोरड्या जमिनीवर ओता. पाणी जिरलं की त्या मरतात. भरलेल्या पिंपावर नुसतं ताट ठेवून भागत नाही, कारण कडेच्या फटीतून मादी सहज आत जाते. घट्ट झाकण नसेल तर दाट विणीचं कापड काठाला दोरीनं आवळून बांधा. कापड मध्ये लोंबता कामा नये, नाहीतर त्या खोलगटातच पाणी साठतं.

औषध टाकलं, तरी डास निघाले

मोठा हौद किंवा टाकी दर आठवड्याला रिकामी करणं शक्य नसतं. तिथे टेमेफॉस या अळीनाशक औषधाचे १ टक्का दाणे वापरतात: १०० लिटर पाण्याला १० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम औषध. चिमटीनं अंदाज न घेता वजन करूनच टाका. पाणी पिण्याचं असेल तर त्यासाठी मान्यता असलेलंच उत्पादन घ्या आणि लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या बाहेर जाऊ नका. टाकी उपसून धुतली की औषधही वाहून गेलं, ते नव्यानं मोजून टाकावं लागतं.

बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध वापरणाऱ्यांची फसगत वेगळीच होते. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं आणि कोष काही खातच नाही. डोकं मोठं, शेपूट वळलेली, स्वल्पविरामासारखे दिसणारे जीव पाण्यात दिसले तर ते कोष आहेत. दोनेक दिवसांत त्यांचे डास होतील, औषधाची वाट बघू नका. ते गाळून काढा किंवा पाणीच ओतून द्या.

न दिसणारं पाणी

पिंप घासलं, कुंड्यांखालच्या बश्या पालथ्या केल्या, तरी डास कमी होत नसतील तर या जागा तपासा: फ्रिजच्या मागच्या बाजूचा ट्रे, एसीचं पाणी पडतं ती बादली, बाटलीत लावलेला मनीप्लांट, न वापरलेल्या संडासाची फ्लशची टाकी, ताडपत्रीच्या घड्या, जुने टायर, टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचं उघडं तोंड. बाटलीच्या झाकणात मावेल एवढं पाणीही अळ्यांना पुरतं. कूलरची मोसमाअखेर नुसती टाकी पुसून भागत नाही. आतल्या गवताच्या जाळ्यांनाही अंडी चिकटलेली असू शकतात, त्या काढून टाका.

सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी हवीच. तिथून मुख्यतः क्युलेक्स डास येतात, हत्तीरोग पसरवणारे.

बंदोबस्त रात्रीचा, चावा दिवसाचा

मलेरियाचा ॲनाफिलिस संध्याकाळ ते पहाट चावतो, त्याच्यासाठी रात्रीची मच्छरदाणी बरोबर आहे. एडिस दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. दुपारी झोपलेलं बाळ म्हणूनच मच्छरदाणीत हवं. एडिस बसतो पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. स्प्रे खोलीच्या मधोमध हवेत उडवण्यापेक्षा तिथे मारा. धूरफवारणीनंही उडतेच डास मरतात, अळ्या-अंडी शाबूत राहतात.

बंद खोलीत रात्रभर कॉइल लावू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. आवाजानं डास पळवणारी अल्ट्रासोनिक यंत्रं चावे कमी करत नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

मच्छरदाणीला अंग टेकलं की डास बाहेरूनच चावतो; ती ऐसपैस घ्या आणि कडा गादीखाली खोचा. औषध लावलेली असेल तर सौम्य साबणानं धुवून सावलीत वाळवा, उन्हानं औषध लवकर उतरतं.

अंगाला लावायच्या औषधात डीट, पिकारिडिन किंवा आयआर ३५३५ यांपैकी काही आहे का ते लेबलवर वाचा. सनस्क्रीन आधी, हे नंतर. लहान मुलांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात. २ महिन्यांखालच्या बाळाला डीट लावायचंच नाही.

घरात ताप आल्यावर

आजारी माणसाला मच्छरदाणीत ठेवायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. डेंग्यूच्या तापात विषाणू रक्तात असतो. घरातला डास त्याला चावला तर साधारण ८ ते १२ दिवसांनी तोच डास दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो. ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणी लावा.

अंगदुखीवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

ताप उतरला की घर निर्धास्त होतं आणि नेमका तोच काळ डेंग्यूत जोखमीचा असतो. पोटात तीव्र दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, प्लेटलेटच्या पुढच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. डेंग्यूची एनएस१ ही रक्तचाचणी (विषाणूचं प्रथिन शोधणारी) तापाच्या पहिल्या ५ दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची चाचणी). मलेरियाची एक चाचणी निगेटिव्ह आली आणि थंडी-ताप चालूच राहिला, तर डॉक्टरांना १२ ते २४ तासांनी ती पुन्हा करायला सांगा. सुरुवातीला रक्तात परजीवी कमी असले तर पहिल्या नमुन्यात ते सुटू शकतात.