पाओआयचं स्पॅनिश काळातलं चर्च नीट कसं बघायचं

फिलिपिन्सला जाणारे बरेच जण मनिला नि बीच करून परत येतात, पण जुन्या चर्चची आवड असेल तर वर उत्तरेला इलोकोस नॉर्तेत पाओआयला जाच. सेंट ऑगस्टिनचं पॅरिश चर्च (पॅरिश म्हणजे एका चर्चखाली येणारी वस्ती), १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नुसतं समोरून फोटो काढून निघालात तर निम्मं राहिलंच समजा.

आधी बाजूला वळा. भिंतींना बाहेरून टेकून दगडाचे २४ दणदणीत बट्रेस, म्हणजे भिंतीला आधार देणारे खांब, उभे आहेत, प्रत्येकाची जाडी दीड मीटरच्या वर, आणि वर गोल वळणांची नक्षी. दिसायला शोभेचे वाटतात पण खरं काम भूकंपात भिंत धरून ठेवायचं, कारण बांधकाम १६९४ ला सुरू झालं, १७०६ ला मध्येच भूकंपाने दणका दिला, तरी ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी १७१० ला पूर्ण केलंच. काही बट्रेस पायऱ्यांसारखे आहेत, पूर्वी छप्पर गवताचं होतं तेव्हा त्यावरून चढून शाकारायचे म्हणतात.

मग भिंतीच्या अगदी जवळ जा. खाली प्रवाळाचे मोठे दगड, वर विटा. चुन्यात उसाचा रस घातलेला, शिवाय आंब्याची पानं, चामडं, भाताचा पेंढा उकळून त्याचं पाणी असं सांगतात. आपल्याकडे जुन्या बांधकामात चुन्यात गूळ घालायचे तसलंच काहीतरी.

घंटेचा मनोरा शोधायला मान वळवावी लागेल, गोव्यात तो बहुतेक चर्चलाच चिकटलेला असतो, इथे मुद्दाम लांब बांधलाय, पडला तर चर्चवर पडू नये म्हणून. १७९३ चा. १८९८ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध लढणारे कातिपुनान या गुप्त संघटनेचे क्रांतिकारक याच मनोऱ्यावरून टेहळणी करायचे, दुसऱ्या महायुद्धात गनिमी सैनिकांनीही तेच केलं. स्पॅनिशांनी बांधलेला मनोरा त्यांच्याच विरुद्ध वापरला, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

आणि तिथल्या माणसांच्या जुन्या नोंदींचे कागद बघायचे असतील तर, पाओआय असो की तिथलं दुसरं कुठलं जुनं पॅरिश, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूची रजिस्टरं बघा, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर बऱ्याच पॅरिशची स्कॅन केलेली आहेत. फक्त १८४९ च्या आधीच्या नोंदी आडनावावरून शोधत बसू नका, त्या वर्षी फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने छापील यादीतून लोकांना आडनावं वाटली, त्यामुळे आजोबाचं एक नि नातवाचं दुसरंच निघू शकतं. गाव आणि आईबापाची नावं धरून शोधा.