घरातला स्मार्ट वजनकाटा: कुठे ठेवायचा, कसा वापरायचा आणि त्यातलं काय धरून चालायचं

स्मार्ट वजनकाट्यावर उभं राहिलं की मोबाईलवर आकड्यांची रांग लागते: वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा), चरबी, स्नायू, पाणी, हाडांचं वजन, प्रथिनं, शिवाय 'शरीराचं वय'. यातल्या फक्त दोन गोष्टी काटा प्रत्यक्ष मोजतो. एक वजन, आणि दुसरी म्हणजे पायातून सोडलेल्या अतिशय सौम्य विद्युतप्रवाहाला शरीराने केलेला विरोध. बाकी सगळं ॲपमधल्या सूत्रातून निघतं, आणि ते सूत्र तुमची उंची, वय आणि तुम्ही स्त्री की पुरुष यावर बेतलेलं असतं. म्हणून वजनावर भरवसा ठेवायचा, चरबीच्या आकड्याकडे महिन्याकाठी एकदा बघायचं आणि उरलेल्यांकडे चक्क काणाडोळा करायचा. काटा असा वापरला तर तो घरातल्या सगळ्यांच्या उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. घरात कोणाला पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलं विजेवर चालणारं उपकरण असेल, तर त्यांनी या काट्यावर उभं राहू नये. त्यांच्यासाठी साधा वजनकाटा ठेवा. गरोदर स्त्रियांनीही चरबी मोजण्याची सोय बंद करून फक्त वजन पाहावं. बऱ्याच काट्यांच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असतो.

जागा ठरवा

नाव 'बाथरूम स्केल' असलं तरी आपल्याकडच्या बाथरूममध्ये हा काटा ठेवू नका. आपल्या न्हाणीघराच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतार दिलेला असतो. काट्याच्या चार कोपऱ्यांखाली चार सेन्सर असतात आणि वजन त्या चौघांवर सरळ खाली पडलं तरच आकडा बरोबर येतो. शिवाय ओल्या फरशीवर काचेचा काटा म्हणजे घसरून पडायला आमंत्रण, आणि आत पाणी गेलं की सर्किट खराब होतं ते वेगळंच.

बेडरूममध्ये किंवा पॅसेजमध्ये सपाट, कडक फरशीचा एक कोपरा निवडा. सतरंजी, पायपुसणं, चटई यांच्यावर काटा ठेवायचा नाही. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर एकाच फरशीवर चारही पाय नीट टेकतील असं बघा, दोन फरशांच्या सांध्यावर नको. कोपऱ्यावर बोटाने दाबून पाहिलं आणि काटा डुगडुगला, तर जागा बदला. एकदा जागा ठरली की काटा तिथेच राहू द्या. केर काढताना उभा करून भिंतीला लावला असेल, तर परत आडवा ठेवल्यावर पायाने हलकेच दाबा, ०.० दिसू द्या आणि मगच वर चढा. हलवल्यानंतरचा पहिला आकडा पुष्कळदा चुकीचा येतो.

काटा खरा आहे का, हे तपासा

त्यासाठी घरात सगळं असतं. तांदळाची किंवा कणकेची न फोडलेली १० किलोची पिशवी घ्या. आधी नुसतं वजन करा, मग पिशवी छातीशी धरून करा. दोन्हींतला फरक १० किलोच्या आसपास यायला हवा. पिशवी नुसती काट्यावर ठेवण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण हलक्या वजनाला काही काटे जागेच होत नाहीत.

दुसरी चाचणी: लागोपाठ तीनदा चढा-उतरा. तिन्ही आकडे एकमेकांच्या १००-२०० ग्रॅमच्या आत असले तर काटा चांगला. डॉक्टरांकडच्या काट्यापेक्षा तुमचा काटा अर्धा किलो जास्त दाखवत असला तरी बिघडत नाही. तो रोज तेवढाच जास्त दाखवतो ना, एवढंच महत्त्वाचं. आकडे अचानक विचित्र यायला लागले तर आधी सेल बदला आणि काटा उलटा करून पायांच्या रबरात केस किंवा कचरा अडकला आहे का ते बघा.

ॲपमध्ये माहिती भरताना

उंची अंदाजाने टाकू नका. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभे राहा, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धरायला सांगा, पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. उंचीला एवढं महत्त्व का, हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे. ॲपमध्ये उंची ५ सेंटिमीटरने वाढवा आणि लगेच पुन्हा काट्यावर उभे राहा. शरीरात काहीही बदललेलं नसताना चरबीचा टक्का हललेला दिसेल.

घरातल्या प्रत्येकाची वेगळी प्रोफाइल करा. काटा माणूस ओळखतो तो मागच्या वजनावरून. नवरा-बायकोचं किंवा दोघा भावांचं वजन जवळपास असेल, तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. अशा वेळी ॲप 'हे वजन कोणाचं?' असं विचारतं, ते न वाचता पुढे जाऊ नका. पाहुण्यांसाठी गेस्टचा पर्याय वापरा.

परवानग्यांकडे नीट लक्ष द्या. ब्लूटूथची परवानगी लागतेच. अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपर्यंत ब्लूटूथवरचं उपकरण शोधायला लोकेशनही द्यावं लागायचं, म्हणून जुन्या फोनवर ते मागितलं तर दचकू नका. पण वजन मोजायला तुमचे कॉन्टॅक्ट्स, फोटो किंवा मायक्रोफोन कशालाच लागत नाहीत. ते सरळ नाकारा. घरच्यांच्या तब्येतीची माहिती कोणाकडे जाते आहे, याची काळजी आपणच घ्यायची.

रोजची पद्धत

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्याही आधी. कपडे रोज साधारण तेवढेच. पाय कोरडे आणि स्वच्छ हवेत: तेल किंवा भेगांचं मलम लावलेलं असेल तर पुसून घ्या, नाहीतर प्रवाह नीट जात नाही आणि चरबीचा आकडा गडबडतो. दोन्ही पाय धातूच्या पट्ट्यांवर किंवा खुणांवर, वजन दोन्हींवर सारखं, नजर समोर. आकडा स्थिर झाल्यावर चरबीच्या मोजणीसाठी काही सेकंद आणखी लागतात, तोवर हलू नका.

आजी-आजोबांसाठी काटा भिंतीजवळ ठेवा आणि शेजारी कोणीतरी उभं राहा. चढता-उतरताना हात द्या, पण आकडा येताना हात सोडलेला हवा. भिंतीला नुसता टेका दिला तरी वजन कमी भरतं.

एका दिवसाच्या आकड्यावर काहीही ठरवू नका

बहुतेक लोक नेमके इथेच हिरमुसतात. काट्यावर उभे राहा, दोन पेले पाणी प्या, परत उभे राहा. वजन अर्धा किलो वाढलेलं दिसेल, कारण अर्धा लिटर पाण्याचं वजनच तेवढं असतं. अर्धा किलो चरबी चढायला मात्र गरजेपेक्षा साधारण ३८५० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका रात्रीत ते होत नाही. लग्नाच्या पंगतीत पापड, लोणचं, मसालेभात खाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी वजन किलोभर जास्त दिसतं ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न यांचं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी कमी दिसलं तर तेही पाणीच. पाळीच्या आधीचे काही दिवस बहुतेक बायकांचं वजन वाढलेलं दिसतं. भात-पोळी एकदम बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, तेव्हाही मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या पिष्टाबरोबरचं पाणी गेलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे सात दिवसांची सरासरी. समजा एका आठवड्यातले आकडे असे आहेत: ७२.४, ७१.९, ७२.८, ७३.१, ७२.२, ७२.०, ७१.८. सरासरी ७२.३. पुढच्या आठवड्यात ७२.०, ७१.७, ७२.६, ७२.१, ७१.५, ७१.९, ७१.३. सरासरी ७१.९. नुसतं रोजचं पाहिलं असतं तर ७१.८ वरून तीन दिवसांत ७२.६ झालं म्हणून तुम्ही खट्टू झाला असता. प्रत्यक्षात आठवड्यात ४०० ग्रॅम कमी झाले, आणि हा उत्तम वेग आहे. बऱ्याच ॲपमध्ये आलेखावर आठवड्याची सरासरी दिसते, तीच पाहत जा.

रोज आकडा बघून मन बेचैन होत असेल, जेवण टाळावंसं वाटत असेल, तर रोजचं वजन बंद करून आठवड्यातून एकदाच करा. वयात येणाऱ्या मुला-मुलींना तर रोज काट्यावर उभं करूच नका.

चरबीचा आकडा आणि शिंप्याची टेप

विद्युतप्रवाह पाण्यातून सहज जातो, चरबीत अडतो. त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पण पायांच्या काट्यात प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून खाली येतो. पोटावरच्या चरबीपर्यंत तो फारसा पोचतच नाही, आणि आपल्या लोकांची चरबी साठते ती नेमकी पोटावर. म्हणून चरबीचा टक्का दर महिन्याला, त्याच वेळी, त्याच काट्यावर पाहावा आणि तो खाली जातो आहे की वर, एवढंच त्यातून घ्यावं. 'हाडांचं वजन' पाहून हाडं मजबूत आहेत असं समजू नये. हाडांची घनता कळते डेक्सा नावाच्या खास एक्स-रे तपासणीत.

बीएमआयच्या बाबतीतही भारतीयांनी वेगळा विचार करायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी ठेवण आहे आणि मधुमेहाचा धोका तिच्याशी जोडलेला आहे. त्यामुळे भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३ धरतात आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा मानतात. अनेक ॲप २५ पर्यंत हिरवा रंग दाखवतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ६२.६ किलोच्या वर गेलं की २३ ओलांडलं. हिरव्या रंगाकडे पाहून निर्धास्त राहू नका.

म्हणून काट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. साडीची गाठ किंवा पँटचा पट्टा असतो ती जागा सहसा याच्या खाली येते. पोट आत ओढायचं नाही, सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही मर्यादा. महिन्यातून एकदा मोजून ॲपमध्ये किंवा कालनिर्णयच्या त्या तारखेवर लिहून ठेवा. व्यायाम सुरू केल्यावर वजन हलत नाही पण कंबर दोन सेंटिमीटरने उतरते, असं पुष्कळदा होतं. तेव्हा प्रयत्न चालू ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी घटलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर 'बरं झालं, बारीक झालो' म्हणून सोडून देऊ नका. मधुमेह, थायरॉइड, क्षय, इतरही कारणं असू शकतात. वयस्कर माणसांच्या बाबतीत तर जास्तच दक्ष राहा, कारण सैल झालेले कपडे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाहीत.

उलट, हृदय कमजोर असल्याचं निदान झालेल्या रुग्णाचं वजन तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं, तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं. पायावर सूज किंवा धाप नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा रुग्णाचं वजन रोज व्हायलाच हवं, आणि इथे सरासरीची वाट पाहायची नाही. डायलिसिसवर असलेल्यांनी आपलं 'ड्राय वेट' (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) किती ठरलं आहे आणि दोन डायलिसिसच्या मध्ये किती वाढ चालेल, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि तो कागद काट्याच्या वरच भिंतीवर चिकटवावा.

दवाखान्यात जाताना वजनाचा तीन महिन्यांचा आलेख आणि कमरेची मापं, एवढंच न्या. सोबत नवं औषध कधी सुरू झालं, आजारपण कधी आलं, उपास-प्रवास कधी होते, या तारखा त्या आलेखावर टिपून ठेवा. वजन कुठे आणि कशाने वळलं, ते डॉक्टरांना त्यावरून लगेच दिसतं.