शिकागोत नवीन आलात? मग मार्च ते मे रानात चला

शिकागो परिसरात नुकतंच बिऱ्हाड थाटलेल्या मंडळींना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: रानात जायला जूनची वाट बघू नका. थंडी पूर्ण जाऊ दे, मुलांच्या शाळा संपू देत, मग निघू, असं म्हणत बहुतेक जण थांबतात. तोवर इथल्या वसंतातलं सगळ्यात सुंदर जे काही असतं ते उमलून, बी धरून परत जमिनीत गेलेलं असतं. मार्च ते मे एवढाच हा हंगाम. पहिल्या वर्षी तो एखाद्या माहीतगाराबरोबर बघावा. असे माहीतगार, म्हणजे नॅचरलिस्ट, इथे पगारावर नेमलेले आहेत, आणि त्यांच्याबरोबरची फेरी बहुतेक ठिकाणी फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत मिळते.

आधी व्यवस्था समजून घ्या, कारण इथे ‘पार्क’ या एका नावाखाली वेगवेगळी खाती नांदतात. तुमच्या गावाचं पार्क डिस्ट्रिक्ट हे एक. खेळाची मैदानं, पोहण्याचे तलाव, मुलांचे क्लास त्यांच्याकडे. काही पार्क डिस्ट्रिक्टची स्वतःची नेचर सेंटरंही आहेत. शॉमबर्गचं स्प्रिंग व्हॅली हे त्यातलं फार छान. त्यांच्या कार्यक्रमांना रहिवाशांसाठी वेगळा, कमी दर असतो. भाड्याने राहणारेही रहिवासीच, तेव्हा पत्त्याचा पुरावा घेऊन नाव नोंदवून टाका. दुसरं खातं काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) फॉरेस्ट प्रिझर्व्ह, म्हणजे राखून ठेवलेलं रान. कुक काउंटीत त्याची स्थापना 1914 मध्ये झाली आणि आज त्यांच्याकडे जवळजवळ 70,000 एकर जमीन आहे, म्हणजे काउंटीचा दहावा हिस्सा आणि वर थोडी. आत जायला तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. ड्यूपेज, लेक, विल, केन या काउंट्यांची आपापली प्रिझर्व्ह आहेत. लाइलचं मॉर्टन आर्बोरेटम आणि ग्लेन्कोचं शिकागो बोटॅनिक गार्डन तिकीट लावतात. दोन्ही जागा सुरेख आहेत, पण सुरुवात फुकटच्या रानापासून करावी असं माझं मत आहे. तिथे दर आठवड्याला जाता येतं, आणि या हंगामात दर आठवड्याला जाण्यालाच खरी किंमत आहे.

फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या नेचर सेंटरांची नावं लिहून ठेवा: विलो स्प्रिंग्जजवळचं लिटल रेड स्कूलहाऊस, नॉर्थब्रुकचं रिव्हर ट्रेल, बॅरिंग्टन हिल्समधलं क्रॅबट्री, लेमॉन्टजवळचं सगावाऊ. ड्यूपेजमध्ये राहत असाल तर ओक ब्रुकचं फुलर्सबर्ग वूड्स. सगावाऊला कुक काउंटीतली एकमेव नैसर्गिक खडकाची घळ आहे आणि तिथे फक्त नॅचरलिस्टबरोबरच उतरता येतं, म्हणून त्या फेरीच्या जागा लवकर भरतात. वसंताचं वेळापत्रक फेब्रुवारीतच बघून ठेवा. नोंदणी केली आणि जमणार नसेल तर आठवणीने रद्द करा, कारण मागे प्रतीक्षा यादी असते. फेरी पावसात बहुधा होते, विजा असतील तर होत नाही. निघण्यापूर्वी सेंटरला एक फोन करावा.

आता मुख्य गोष्ट, फुलं. आपल्याकडे वसंत म्हटला की मान वर जाते. पळस, पांगारा, काटेसावर, सगळं झाडावर. इथे एप्रिलमध्ये मान खाली घालून चालायचं. ओक आणि मेपलला पूर्ण पालवी यायला मे उजाडतो. त्याआधीचे काही आठवडे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, आणि वीतभर उंचीच्या रोपांचा सगळा संसार तेवढ्यात उरकतो. पान काढायचं, फुलायचं, बी धरायचं, पुढच्या वर्षाचं अन्न कंदात साठवायचं. वर झाडांची सावली दाटली की यातली बरीच रोपं दिसेनाशी होतात. जूनमध्ये त्याच वाटेने गेलात तर इथे काही होतं यावर विश्वास बसणार नाही.

क्रम साधारण असा. सगळ्यात आधी, कधी बर्फ असतानाच, दलदलीतून स्कंक कॅबेज वर येतं. वाइनच्या रंगाची, टोपडं घातल्यासारखी दिसणारी ही फुलं स्वतः उष्णता निर्माण करतात आणि भोवतालचा बर्फ वितळवतात. सडक्या मांसासारखा वास येतो, तो माश्यांना बोलावण्यासाठी. लेमॉन्टजवळच्या ब्लॅक पार्ट्रिज वूड्समध्ये हे बघायला मिळतं. मग हेपॅटिका, ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी, डचमन्स ब्रीचेस अशी रांग लागते. एप्रिलच्या शेवटी व्हर्जिनिया ब्लूबेल्स येतात. होमर ग्लेनच्या मेसेंजर वूड्समध्ये ते निळं रान जरूर बघा, आणि शक्यतो सकाळी लवकर जा, कारण शनिवार-रविवारी पार्किंग भरतं. मे लागला की ट्रिलियम, मेॲपल, रानटी जिरेनियम.

ट्रिलियमजवळ मुलांना थांबवून दोन गोष्टी सांगा. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला या रोपाला सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. आणि त्याचं बी मुंग्या नेतात. बियांना एक तेलकट गाठ असते, मुंग्या ती खाण्यासाठी बी वारुळात ओढतात आणि उरलेलं बी तिथेच टाकतात, ते तिथे रुजतं. फूल पानांसकट खुडलं तर रोप पुढची कित्येक वर्षं फुलत नाही, कधी मरतंही. म्हणून इथे फुलं तोडायला सक्त मनाई आहे. मशरूम आणि रानभाज्या गोळा करायलाही कुक काउंटीच्या प्रिझर्व्हमध्ये बंदी आहे. आपल्याला रानात गेलं की काहीतरी खुडून आणायची सवय असते, ती इथे सोडावी लागते. वाट सोडून फोटोसाठी आत शिरू नका, नुकते फुटलेले कोंब पायाखाली दिसतसुद्धा नाहीत.

पक्ष्यांसाठीही हेच महिने. मार्चमध्ये आकाशातून दुरून तुतारीसारखा खर्जातला आवाज आला तर घराबाहेर या आणि वर बघा: क्रौंच कुळातले सँडहिल क्रेन थव्याने उत्तरेकडे जात असतात. मार्चच्या शेवटापासून एप्रिलभर संध्याकाळी वूडकॉकच्या फेऱ्या निघतात. त्या चुकवू नका. लांब चोचीचा हा जाडजूड पक्षी अंधार पडताना गवतात बसून अनुनासिक ‘पीन्ट’ असं ओरडतो, मग गिरक्या घेत दोन-तीनशे फूट वर चढतो आणि किलबिलत खाली येतो, पुन्हा त्याच जागी. हे सगळं मादीसाठी. फॉरेस्ट प्रिझर्व्ह एरवी सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे हा खेळ बघायचा सोपा मार्ग म्हणजे मार्गदर्शकाबरोबरची फेरी.

मे महिन्यात वॉर्ब्लर येतात. जेमतेम 10 ग्रॅमचे पक्षी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून रात्री उडत निघालेले. लेक मिशिगनच्या काठाकाठाने येतात आणि पहाटे दमून मिळेल त्या झुडपात उतरतात. मॉन्ट्रोज पॉइंटला अशी एक झुडपांची रांग आहे, ‘मॅजिक हेज’. पूर्वी तिथे लष्कराचा तळ होता, हे कुंपण त्या काळातलं. आज तिथे 300 हून जास्त जातींची नोंद झालेली आहे. रात्रभर दक्षिणेचा वारा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्यापूर्वी तासभर काढा. दक्षिण भागात राहणाऱ्यांना जॅक्सन पार्कचं वूडेड आयलंड जवळ पडेल. एप्रिलच्या शेवटी तिथे जपानी चेरीही फुलते. 1893 च्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि विवेकानंद बोलले, ते प्रदर्शन याच जॅक्सन पार्कात होतं. परिषद मात्र डाउनटाउनमध्ये, आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत झाली.

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. बऱ्याच फेऱ्यांत मार्गदर्शक देतात, काही लायब्ररीतूनही घरी नेता येते. फोनवर मर्लिन हे फुकट ॲप घ्या, ते आवाजावरून पक्षी सुचवतं. पण त्यातले रेकॉर्डिंग रानात मोठ्याने वाजवू नका. प्रतिस्पर्धी आला असं समजून पक्षी अन्न शोधायचं सोडून त्या आवाजामागे लागतो. आणखी एक कायदा नवीन लोकांना माहीत नसतो: 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार इथल्या बहुतेक रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा घरी नेता येत नाही. मुलांना पीस उचलून बघू द्या आणि तिथेच ठेवायला सांगा.

मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या प्रिझर्व्हमध्ये सगळी जमीन काळी पडलेली दिसली किंवा धूर दिसला तर घाबरू नका. ती आग मुद्दाम, प्रशिक्षित लोकांनी लावलेली असते. इलिनॉयला प्रेअरीचं, म्हणजे गवताळ माळरानाचं, राज्य म्हणतात, पण मूळच्या चांगल्या प्रेअरीचा हजारावा हिस्साही उरलेला नाही. प्रेअरीच्या गवताची मुळं फार खोल असतात, आगीत ती वाचतात. बकथॉर्नसारखी बाहेरून आलेली झुडपं मात्र जळतात. काळी जमीन उन्हाने लवकर तापते आणि कोंब जोमाने येतात. पोटावाटोमींसारखे इथले मूळ रहिवासीही पूर्वी आग वापरत. जळालेली जागा बघून ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत जा.

आता गोचिडी. हा भाग घाईने वाचू नका. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो, आणि मे ते जुलैमध्ये तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी, सहज न दिसणारी असतात. फुल पँट घाला, ती मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला, डीईईटी (DEET, किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध लावा, वाटेच्या मधून चाला. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, केसांत, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे नीट बघा. कपडे आधी दहा मिनिटं ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर फिरवा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलीन, काडेपेटी यातलं काहीही नको. रोग पसरायला साधारणपणे गोचीड 24 तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजची तपासणी उपयोगी पडते. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा पुरळ पसरत गेलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. पॉयझन आयव्हीही ओळखायला शिका: तीन पानांचा झुपका, मधल्या पानाचा देठ लांब, वसंतात पानं तांबूस आणि चकचकीत. पहिल्याच फेरीत नॅचरलिस्टला ती दाखवायला सांगा.

हवेचा भरवसा धरू नका. एप्रिलमध्येही बर्फ पडतो, आणि लेक मिशिगनच्या काठी आतल्या गावांपेक्षा बरीच जास्त थंडी असते. थरावर थर घाला, चिखलात चालतील असे बूट हवेत. गडगडाट ऐकू आला की गाडीत किंवा इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी 10 वाजता भोंगे वाजतात, ती टॉर्नेडोच्या इशाऱ्याची चाचणी असते. इतर वेळी वाजले तर लगेच आडोशाला जा. एक-दोन वसंत बरे गेल्यावर अनेकांना परागकणांची ॲलर्जी सुरू होते. सर्दी आठवडे-आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

मे-जूनमध्ये गवतात एकटं पडलेलं हरणाचं पाडस दिसेल. ते अनाथ नसतं. आईने त्याला लपवून ठेवलेलं असतं आणि ती जवळच चरत असते. हात लावू नका, उचलून आणू नका. कॅनडा गूज हे हंसासारखे मोठे पक्षी अंड्यांवर बसलेले असताना ऑफिसच्या पार्किंगमध्येही अंगावर येतात, त्यांना वळसा घाला.

ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल तर शनिवार-रविवारच्या श्रमदानाला जा. एप्रिल-मेमध्ये गार्लिक मस्टर्ड उपटण्याचं काम असतं. युरोपातून आलेलं हे तण एकेका रोपागणिक शेकडो बिया टाकतं आणि ट्रिलियमची जागा बळकावतं, म्हणून बी धरण्यापूर्वी मुळासकट काढायचं. हातमोजे, अवजारं तिथे मिळतात, अनुभव लागत नाही. शिकागो नदीच्या उत्तर फाट्यावर स्वयंसेवकांचं असं काम 1977 पासून चालू आहे. तिथले जुने लोक एका सकाळीत जेवढं शिकवतात तेवढं कोणत्याही ॲपमध्ये नाही. इंग्रजीची भीड वाटत असेल तर ती जाण्यासाठीही ही जागा चांगली, हात कामात असतात आणि बोलायला विषय पायाशीच असतो.

आई-वडील भारतातून येणार असतील तर त्यांची तिकिटं काढतानाच याचा विचार करा. एप्रिलच्या सुरुवातीला आले तर थंडीने ते घरातच बसतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हवा सुसह्य होते, ब्लूबेल्स सरत आलेल्या असल्या तरी ट्रिलियम, जिरेनियम आणि वॉर्ब्लर मिळतात. त्यांच्यासाठी डांबरी किंवा बारीक खडीची सपाट वाट, मध्ये बाकं आणि सुरुवातीलाच स्वच्छतागृह असलेली जागा निवडा. नोंदणी करताना अंतर किती आणि चढ आहे का ते विचारा. व्हीलचेअर लागत असेल तर तेही आधी कळवा. साध्या सपाट फेरीत नॅचरलिस्ट दर काही पावलांवर थांबतातच, त्यामुळे सत्तरीतल्या माणसालाही ती झेपते. तुम्ही शेजारी उभं राहून हळू आवाजात मराठीत सांगत गेलात तर बाकीच्यांना त्रास होत नाही. आई-बाबांनी विचारलेले प्रश्न मात्र सगळ्या गटासमोर इंग्रजीत नक्की विचारा.