गिग होऊन गेल्यावर कळतं? हे करून बघा

मुंबईत आपल्या आवडत्या लोकल बँडचा गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, झाला हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्टोरीत दिसतं, असं माझं चारदा झालं. नुसतं फॉलो करून उपयोग नाही कारण फीडमध्ये पोस्ट येईलच असं नाही आणि स्टोरी २४ तासांत गायब.

१. इन्स्टावर बँडपेक्षा आधी जिथे गिग होतात त्या जागा फॉलो करा, म्हणजे लोअर परळचं अँटीसोशल वगैरे, आणि प्रोफाइलवरची घंटी दाबून पोस्ट आणि स्टोरी दोन्ही ऑन करा.

२. मग ड्रमर. खरंच! चांगले ड्रमर कमी, त्यामुळे एकच माणूस दोन-तीन बँडमध्ये वाजवतो, एकाला फॉलो केलं की बाकीचे आपोआप कळतात.

३. पोस्टरवर सगळ्यात खाली बारीक अक्षरात ओपनिंग बँड (मेन बँडच्या आधी वाजवणारा) असतो, त्याचं नाव तिथल्या तिथे शोधा.

४. बँडकॅम्पवर (बँड आपली गाणी थेट विकतात ती साइट) असतील तर तिथेही फॉलो, नवीन गाणं आलं की मेल येतो.

तारीख दिसली की लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, स्क्रीनशॉट गॅलरीत कुजतात.

फक्त एक, पोस्टरवरची वेळ बहुतेकदा दार उघडायची असते, मेन बँड बराच उशिरा येतो, तेव्हा कर्जत-कसाऱ्याकडच्यांनी शेवटची लोकल आधी बघून ठेवा.