निळी लाट पुसायला जाऊ नका: एज काढताना होणाऱ्या चुका

गणपती गेले, चाकरमानी परतले, की मालवणातल्या आमच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. हातात लॅपटॉप आणि तोंडी तक्रार: ‘भाच्यान काय तरी केल्यान, आता मेल उघडना नाय.’

मागच्या खेपेला असेच एक काका आले. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. भाचा हुशार आणि हेतूही चांगला, मामाचा लॅपटॉप जरा पळावा एवढाच. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची फाइल, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून पूर्ण अधिकाराने चालवली आणि विंडोजसोबत येणारा, निळ्या लाटेच्या चिन्हाचा एज ब्राउझर मुळासकट काढला. घरात क्रोम होता, त्यामुळे नेट चालू. दुसऱ्या दिवशी भाचा कोकणकन्येत बसला आणि काकांचं मेलचं ॲप आउटलुक उघडेना. सातबाऱ्याच्या पीडीएफवर दोनदा क्लिक केलं तर विंडोज उलट विचारायला लागलं, ही फाइल कशाने उघडू? बुकिंगच्या साइटचा पासवर्ड तर कुणाच्याच लक्षात नव्हता. तो इतकी वर्षं एजच भरत होता.

‘क्रोम आसा मगे, तरी?’ हा काकांचा प्रश्न रास्त होता.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: एज म्हणजे नुसता ब्राउझर असं समजणं. विंडोजमध्ये वेबव्ह्यू टू नावाचा एक भाग असतो. इंजिन एजचंच, पण ते इतर ॲप्सना वापरता यावं म्हणून वेगळं बसवलेलं. नवीन आउटलुक, टीम्स, विंडोज ११ मधलं विजेट्सचं पान ही सगळी मंडळी आपला मजकूर त्याच्यातूनच दाखवतात. नियमाप्रमाणे एज गेला तरी वेबव्ह्यू राहायला हवा, कारण दोन्ही स्वतंत्र आहेत. पण नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट नावात एज दिसेल ते सगळं उचकटतात. मग पांढरी खिडकी उघडते, गोल फिरत राहतं आणि माणूस आउटलुकच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. आउटलुकचा दोष नसतोच.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून एज परत घ्या. मग त्याच साइटवरून वेबव्ह्यू टू रनटाइम. त्याचा स्टँडअलोन, म्हणजे ऑफलाइन चालणारा इन्स्टॉलर मी पेनड्राइव्हवर ठेवतो. फाइल शंभर एमबीच्या वर आहे आणि आमच्याकडे पावसात रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. मशीन रीस्टार्ट करा. एज अर्धवट बिघडलेला असेल, म्हणजे उघडतो पण लगेच बंद पडतो, तर काढून बसवायचीही गरज नाही. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, एजसमोरचे तीन ठिपके, मॉडिफाय आणि रिपेअर. नेट चालू हवं. तुमचे बुकमार्क जात नाहीत.

पासवर्डचं काय? स्क्रिप्टने फक्त प्रोग्रॅम काढला असेल तर ‘युजर डेटा’ नावाचा फोल्डर जागेवर असतो. वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, एज या वाटेने गेलात की सापडतो. तो असेल तर त्याच विंडोज खात्यात एज परत बसवला की पासवर्डही परत येतात. काकांचं नशीब थोर, फोल्डर शाबूत होता. मात्र हा फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवलात तर पासवर्ड मिळणार नाहीत. ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात. म्हणून ब्राउझर बदलायचा असेल तर आधी पासवर्ड एक्स्पोर्ट करा, म्हणजे त्यांच्या यादीची एक सीएसव्ही फाइल मिळते, ती नव्यात इम्पोर्ट करा आणि लगेच उडवा. त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ नावाने ठेवलेली अशी फाइल मी एकाच महिन्यात तीन मशीनवर पाहिली आहे.

‘लॅपटॉप स्लो आहे म्हणून काढला’

हे कारण दहातले आठ जण सांगतात. अहो, जो प्रोग्रॅम चालूच नाही तो रॅम कशी खाईल? पडवीत टांगलेली छत्री घरात जागा अडवत नाही, तसलंच हे. आता एज न उघडताही मागे थोडा जागा असतो हे खरं. त्याला ‘स्टार्टअप बूस्ट’ म्हणतात. एजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम अँड परफॉर्मन्समध्ये जाऊन तो बंद करा. जवळच एज बंद केल्यावरही बॅकग्राउंडमध्ये एक्स्टेन्शन चालू ठेवण्याचं बटण आहे, तेही बंद करा. दोन मिनिटांत काम झालं आणि काही तोडावं लागलं नाही.

मग मशीन स्लो का? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप ॲप्स बघा. प्रिंटरचे दोन-तीन, गाण्यांचं एक, फुकटचा अँटिव्हायरस, अशी सगळी वरात सकाळी सकाळी सुरू होते. काकांच्या मशीनमध्ये चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क होती. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकल्यावर जो फरक पडला तो शंभर ब्राउझर काढूनही पडला नसता. आणि समुद्रकाठच्या घरात पंखा साफ केलेला नसेल तर खारी हवा आणि धूळ मिळून जो लगदा होतो त्याचं मी वर्णन करत नाही.

व्हिडिओतलं बटण तुमच्याकडे का नाही

‘त्याच्याकडे अनइन्स्टॉल दिसतं, माझ्याकडे ते फिकट आहे.’ तुमचा संगणक बिघडलेला नाही. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट नावाचा कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला आणि तिथल्या विंडोजमध्ये एज सरळ काढता येऊ लागला. विंडोज पहिल्यांदा सेट करताना जो देश निवडला त्यावर ते ठरतं. व्हिडिओवाला जर्मनीत बसलाय, आपण देवबागात. ब्राउझर विंडोजला चिकटवण्यावरून अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तो १९९८ मध्ये, तेव्हा भांडण जुनंच आहे. पण त्या भांडणात आपण आपल्या लॅपटॉपची सिस्टिम फाइल बदलून उडी मारायचं कारण नाही. देश बदलल्याचं भासवणाऱ्या युक्त्या पुढच्या अपडेटपर्यंत टिकतात, कधी तेवढ्याही नाही. आणि जबरदस्तीने काढलेला एज अपडेटबरोबर परत आला की तुमच्या मोबाइल हॉटस्पॉटचा त्या दिवसाचा डेटा घेऊनच येतो.

मला विचाराल तर एज ठेवायचा, फक्त त्याचा मान काढून घ्यायचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स इथे क्रोम किंवा फायरफॉक्स निवडा आणि ‘सेट डिफॉल्ट’ दाबा. पीडीएफची नोंद खाली वेगळी असते, ती हाताने बदला, नाहीतर वीजबिल एजमध्येच उघडेल. स्टार्ट मेनूत शोधलेलं नेटवरचं पान तरीही एजमध्ये उघडतं. त्याची चीड येते, मलाही येते. पण त्यासाठी घराचं मागीलदार विटा लावून बंद करत नाहीत.

मागीलदार म्हणतो ते उगाच नाही. एका ताईंनी एज काढला आणि महिनाभराने क्रोम बिघडला म्हणून तोही काढला. आता क्रोम डाउनलोड करायचा कशातून? अशा वेळी घाबरू नका. मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा, तिथे फायरफॉक्स मिळतो. स्टोअरही उघडत नसेल तर शेजाऱ्याच्या मशीनवरून इन्स्टॉलर पेनड्राइव्हमध्ये आणा.

सेवा केंद्र किंवा ग्रामपंचायतीचं काम करणाऱ्यांनी तर एजला हातच लावू नये. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरचा, इंटरनेट एक्सप्लोररचा (आयई) आधार विंडोज १० वर १५ जून २०२२ ला संपला. पण जुन्या पद्धतीची पोर्टलं उघडायला एजमध्ये ‘आयई मोड’ आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझरखाली त्याची परवानगी द्यायची. आयई मोडमध्ये उघडायच्या पानांची यादी तिथेच असते, त्यात टाकलेलं पान तीस दिवसांनी आपोआप गळतं, म्हणून ‘काल चालत होतं, आज नाही’ असं झालं तर आधी तारीख बघा.

मॅकवाल्यांसाठी एकच वाक्य: सफारी सिस्टिमच्या सीलबंद भागात असतो, काढायचा नाद सोडा. उबंटूवर फायरफॉक्स खुशाल काढा, फक्त आधी दुसरा ब्राउझर बसवा. अँड्रॉइड फोनवर क्रोम ‘डिसेबल’ केला तर चालतं, पण ॲप्सच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या ‘सिस्टिम वेबव्ह्यू’ला हात लावू नका. मार्च २०२१ मध्ये त्याचं एक अपडेट बिघडलं आणि जगभर लोकांच्या फोनवर जीमेलसकट कितीतरी ॲप्स उघडताच बंद पडत होती.

काकांचा लॅपटॉप संध्याकाळी तयार झाला. सगळं दाखवलं, आउटलुक, सातबारा, बुकिंगचं पान. त्यांचं लक्ष मात्र खालच्या पट्टीवर.

‘ती निळी लाट गेली मां?’

मी टास्कबारवरून तिला अनपिन केलं होतं, एवढंच. ‘गेली,’ म्हटलं.

‘मगे बरा झाला,’ म्हणून त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला.