उतरलेली किंवा वर-खाली दिसणारी भुवई: उपचार कसा निवडावा

भुवई अचानक एका बाजूने उतरली, तोंड वाकडे झाले किंवा जीभ अडखळू लागली, तर स्किन क्लिनिक शोधू नका. लगेच इस्पितळाचा तातडीचा विभाग गाठा. संध्याकाळकडे पापणी जास्त जड होत असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

एरवी पहिले काम आरशासमोर. कपाळ सैल सोडून डोळे मिटा आणि सावकाश उघडा. आता दोन्ही भुवया बोटांनी जागच्या जागी धरून समोर पाहा. एका डोळ्याची पापणी बाहुलीवर येत असेल, तर दोष पापणीचा आहे. ती पापणी उचलायला कपाळाचा स्नायू त्या बाजूची भुवई वर ताणतो आणि मग दुसरी, खरे तर ठीक असलेली भुवई 'उतरलेली' वाटते. अशा वेळी वर ताणलेल्या भुवईवर बोटॉक्स (स्नायू सैल करणारे इंजेक्शन) घेतले, तर डोळा आणखी झाकतो. पापणीच्या शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ गाठा.

फरक फक्त केसांचा असेल, तर सहा-आठ आठवडे थ्रेडिंग थांबवा आणि वाढलेल्या केसांवर नवा आकार घ्या. मायक्रोब्लेडिंग (कातडीत केसांसारख्या बारीक रंगरेषा कोरणे) साधारण वर्ष-दीड वर्ष टिकते, पण भुवई उचलत नाही. बाहेरचा तिसरा भाग विरळ झाला असेल, तर आधी थायरॉइड तपासा.

भुवईचे टोक थोडेसेच उतरले असेल, तर बोटॉक्स. ते भुवई खाली ओढणारे स्नायू सैल करून तिला एक-दोन मिलिमीटर उचलते. पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. भुवई उचलणारा स्नायू कपाळाचाच; तिथे डोस जास्त झाला की ती उलट खाली येते. कपाळाच्या कडेचा भाग टोचायचा राहिला, तर भुवईचे टोक टोकदार वर जाते. तिथे आणखी एक-दोन युनिट (बोटॉक्सच्या डोसचे माप) दिले की ते बसते. म्हणून लग्नाआधी निदान महिनाभर घ्या. गरोदरपणात घेऊ नये.

फिलरमध्ये (कातडीखाली भराव म्हणून टोचलेले जेल) रक्तवाहिनी बंद होऊन दृष्टी जाण्याचा धोका दुर्मीळ, पण खरा आहे. हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर विरघळवणारे औषध, हायल्युरोनिडेज, क्लिनिकमध्ये आहे का, हे विचारूनच बसा.

भुवई बरीच उतरली असेल, तर शस्त्रक्रियाच. नुसती पापणीची कातडी काढून घेऊ नका. कपाळाचा ताण सुटून भुवई अजून खाली येते.

पुण्यात 'बोटॉक्स'ची पाटी पार्लरवरही दिसते. डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहा, बाटली समोर उघडायला सांगा आणि युनिट लिहून घ्या. परतताना रिक्षाने या: स्कार्फ घट्ट बांधून वर हेल्मेट घातले की कपाळ दाबले जाते, आणि त्या दिवशी तेच टाळायचे असते.